हिकारू नो गो : साई गेल्यावर पुढे वाचण्यात काही अर्थ आहे का?

रानजाई
मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. भाच्याने 'हिकारू नो गो' ही जपानी मांगा गळ्यात मारली. कॉमिक म्हणजे चाचा चौधरी आणि फार तर टिनटिन एवढीच आपली मजल, त्यात गो या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी पंधरा खंड कसे संपले पत्ता लागला नाही. आता मात्र गाडी अडकलीये.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहावीतला हिकारू शिंदो आजोबांच्या माळ्यावर गोचा जुना पट शोधून काढतो, कशाला तर विकायला, कारण पेपरात दिवे लावल्यामुळे घरून पॉकेटमनी बंद. पटावर त्याला रक्ताचे डाग दिसतात जे दुसऱ्या कोणालाच दिसत नाहीत, आणि त्यातून फुजिवारा नो साई नावाचं भूत निघून थेट त्याच्या डोक्यात मुक्काम ठोकतं. हा साई हजारेक वर्षांपूर्वी सम्राटाला गो शिकवायचा, आणि मेल्यावरही याला फक्त गो खेळायचंय, बाकी काही नको. हिकारूला त्यात काडीचा रस नाही. साई बोट दाखवेल तिथे हा खडा ठेवतो. त्यातून अकिरा तोया नावाचा त्याच्याच वयाचा, प्रो लोकांच्या तोडीचा मुलगा हरतो आणि हात धुवून याच्या मागे लागतो. मग हळूहळू हिकारूला स्वतःलाच खेळायची चटक लागते.

इथून पुढे स्पॉयलर आहे हं. पंधराव्या खंडात साई नाहीसा होतो. ना भांडण, ना निरोप. हिकारू झोपेत पेंगतोय, साई बोलतोय, आणि मग नाहीच. मी रात्री वाचत होते, पुस्तक आपटलं आणि नवऱ्याला जाग आली. अजून आठ खंड आहेत. साईच नाही तर आता कोणासाठी वाचू?

टपोरी_टंकलेखक
मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पंधरा खंडांची कथा सांगून झाल्यावर "इथून पुढे स्पॉयलर" लिहिणाऱ्या ताईंना साष्टांग दंडवत.

आवळासुपारी
साई वाचून शिर्डीचा धागा समजून आले होते. आले तशी बसते आता.

मिठ्ठू
रानजाई, डोळे पुसा आणि सोळावा उघडा. मी ॲनिमे (म्हणजे याची कार्टून मालिका) आधी पाहिला, 75 भागांचा आहे, आणि तो हाच हिकारू सावरतो तिथवर येऊन थांबतो. पुढची नॉर्थ स्टार कप या स्पर्धेची भानगड मांगातच आहे, ॲनिमेत त्याच्या निवड फेरीचा एक स्पेशल भाग नंतर 2004च्या जानेवारीत आला तेवढाच. ॲनिमेत प्रत्येक भागाच्या शेवटी एक ताई पोरांना गोचे धडे द्यायच्या, ते मी सगळे पाहिले, तरी खेळता येत नाही ही गोष्ट वेगळी.

खडूस_काका
भाच्याच्या वयाच्या मुलांना हे वाचायला देतात? मी पहिले दोन खंड चाळले (नातवाकडे होते). सरळ सरळ चीटिंग आहे. भूत सांगतं आणि कार्टं खेळतं. समोरचा बिचारा अकिरा दोन वर्षांचा असल्यापासून घासतोय आणि त्याला हरवतो कोण, तर ज्याला खडा धरायची अक्कल नाही तो. आज कोणी कानात यंत्र घालून बुद्धिबळ खेळला तर त्याला बॅन करतात, इथे त्याला हिरो केलाय. नमस्कार असो.

टपोरी_टंकलेखक
काका आले, धाग्याचं सोनं झालं.

उंटाची_चाल
काकांशी अर्धा सहमत, पण अर्धाच. मी वीकांताला पोरांना बुद्धिबळ शिकवतो त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

काका, तुम्ही दोन खंडांवर सोडलंत. लेखिकेला हा प्रश्न पडलेला नाही असं वाटतं का? साई मेला कशामुळे ते आठवा. दरबारात दोघे गोचे गुरू, सम्राट म्हणतो एकच ठेवणार, खेळा. प्रतिस्पर्ध्याच्या डब्यात चुकून साईच्या रंगाचा एक खडा आलेला असतो, तो माणूस हळूच तो आपल्या कैद्यांमध्ये, म्हणजे जिंकलेल्या खड्यांमध्ये, सरकवतो. साई ते पाहतो, बोलणार तेवढ्यात तोच बोंब मारतो की साईने लबाडी केली. साई हरतो, हाकलला जातो, नदीत जीव देतो. म्हणजे लबाडीचा आळ आलेल्या माणसाचं भूत आहे हे. नंतर शाळेच्या गो क्लबात मितानी नावाचा पोरगा येतो, तो गोच्या अड्ड्यावर पैशासाठी हातचलाखी करणारा. आणि हिकारू स्वतः खेळायला लागल्यावर साईला स्पर्धेत बोलूच देत नाही, साईचा जीव तळमळत असतो आणि हा म्हणतो माझा डाव आहे. मला तर वाटतं सगळी मांगा याच गोष्टीवर उभी आहे की डाव कोणाचा.

खडूस_काका
इतकं असेल तर तिसरा खंड बघतो. पण अकिराचं काय? त्याला शेवटपर्यंत कोणी सांगतं का?

मिठ्ठू
ते सांगितलं तर रानजाई मला मारेल.

शून्य_विकर्ण
खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी पटकन. 19 आडव्या, 19 उभ्या रेघा, त्यांचे 361 छेद. खडा चौकोनात नाही, छेदावर ठेवायचा. एकदा ठेवला की हलत नाही. चारी बाजूंनी कोंडला की उचलायचा. शेवटी ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकला. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण, त्याला कोमी म्हणतात, मांगा चालू होती तेव्हा जपानात साडेपाच होते, आता साडेसहा. तो अर्धा कशाला तर बरोबरी होऊ नये म्हणून. त्यामुळे "अर्ध्या गुणाने हरला" असं या मांगात वाचलंत की समजा पोराच्या पोटात खड्डा पडलाय, कारण त्याहून कमी फरकाने हरताच येत नाही. साईला हे कोमी प्रकरण माहीत नसतं, त्याच्या काळी नव्हतंच, त्याला नव्याने शिकावं लागतं.

आपल्याकडचा वाघ-बकरी खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना कोंडण्याचा प्रकार लगेच कळेल. फक्त इथे दोन्हीकडे बकऱ्याच, वाघ नाही.

आवळासुपारी
पहिल्यांदा कळलं. आभार. वाघ-बकरीत मी कायम बकऱ्या घ्यायचे आणि भाऊ वाघ, आणि वाघ हरायला आला की पट उधळायचा.

एदोगावाकर
निशी-कासाईहून लिहितोय (इथे मराठी माणूस शोधावा लागत नाही, सुपरमार्केटात आपसूक भेटतो). उंटाची_चाल यांचा प्रतिसाद आवडला. थोडं गावाकडचं, म्हणजे साईच्या गावाकडचं सांगतो.

साईने हिकारूआधी ज्याच्या अंगात वस्ती केली तो तोराजिरो, म्हणजे होनिन्बो शुसाकू, हा खराखुरा माणूस. 1829 ते 1862. हिरोशिमाकडच्या इन्नोशिमा बेटावर जन्मला. शोगुनच्या किल्ल्यात दरवर्षी डाव व्हायचे, त्यात हा लागोपाठ 19 डाव जिंकला, एकही हरला नाही. 1846 मध्ये गेन्नान इन्सेकी या बड्या खेळाडूशी त्याचा डाव झाला, त्यातली 127वी खेळी अशी बसली की गेन्नानचे कान लाल झाले, आणि तिथे बसलेला एक वैद्य, ज्याला खेळ फारसा कळत नव्हता, तो म्हणाला की आता गेन्नान हरणार, चेहरा शांत आहे पण कान बघा. ती खेळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. पुढे 1862 मध्ये एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, कॉलऱ्याची साथ आली, होनिन्बो या गोच्या घराण्यात आजारी पडलेल्यांची सेवा करता करता हाही गेला. वय किती, तर 33.

साई गेल्यावर हिकारू त्याला शोधत सुटतो तो याच खऱ्या जागांवर. इन्नोशिमाला जातो. तोक्योत सुगामोच्या होनम्योजी देवळात शुसाकूची कबर आहे तिथे जातो. मी सुगामोला जाऊन आलोय. या भागाला आज्यांचं हाराजुकू म्हणतात (हाराजुकू म्हणजे तोक्योतला तरुण पोरांच्या फॅशनचा भाग), रस्ताभर म्हाताऱ्या बायका खरेदी करत असतात आणि लाल रंगाच्या अंतर्वस्त्रांची दुकानं आहेत, लाल घातलं की तब्येत चांगली राहते म्हणे. त्या गर्दीतून बाहेर पडून जरा चाललं की देऊळ. मी गेलो तेव्हा चिटपाखरू नव्हतं.

एदोगावाकर
वरच्यात राहिलं, गोच्या अड्ड्याबद्दल. आमच्याकडे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे, बाहेरून दाताचा दवाखाना वाटतो. आत शिरलं की काउंटरवरच्या बाई फी घेतात आणि तुमची ताकद किती विचारतात, त्यावर जोडीदार ठरतो. मी म्हटलं शून्य. त्यांनी काही न बोलता 9 बाय 9 चा छोटा पट काढला आणि एका आजोबांना हाक मारली. आजोबांनी मला चार खडे आधी मांडायला दिले आणि तरी माझं पानिपत केलं. खडा कसा धरायचा ते मात्र तासभर शिकवलं. तर्जनी खाली, मधलं बोट वर, दोघांच्या टोकांत खडा, आणि पटावर असा ठेवायचा की टक् असा आवाज यायला हवा, आपटायचा नाही. मांगाचा चित्रकार ओबाता हेच काढत असतो पानापानावर. हिकारू पहिल्या खंडात अंगठा आणि तर्जनीने चिमटीत धरतो, अकिराच्या ते लगेच लक्षात येतं.

अजून एक गंमत, चांगल्या सेटमध्ये काळे खडे पांढऱ्यांपेक्षा किंचित मोठे असतात. पांढरी वस्तू डोळ्यांना मोठी भासते, म्हणून दोन्ही सारखे दिसावेत यासाठी केसभर फरक ठेवतात. काळे नाची भागातल्या दगडाचे, पांढरे शिंपल्याचे.

कैरीची_डाळ
वा, एदोगावाकर, असंच येऊ द्या. वाचनखूण साठवली.

आता मी जरा विरजण घालते. ही मांगा लिहिली होत्ता युमी या बाईने, आणि खेळाची बाजू तपासली उमेझावा युकारी या प्रो खेळाडू बाईने. ॲनिमेच्या शेवटी धडे देणाऱ्या ताई त्याच. चित्रं तेवढी ओबाता ताकेशीची. मग यात मुली कुठे आहेत? अकारी ही हिकारूची बालमैत्रीण, ती शाळेच्या क्लबात राहते आणि त्याच्यासाठी हळहळते. नासे ही प्रशिक्षणार्थींमधली एकटी जरा ठसठशीत मुलगी, तिला एक छोटी सुटी गोष्ट अठराव्या खंडात मिळते, बस्स. मुलांच्या साप्ताहिकात छापून येत होतं हे कबूल, 1998 ते 2003, शोनेन जंप. पण नुसतं मागेच ठेवायचं?

खऱ्या जगात तिकडे नाकामुरा सुमिरे ही 2019 मध्ये दहाव्या वर्षी प्रो झाली. तेराव्या वर्षी बायकांचा किताब जिंकला. मग 2024 मध्ये अधिक तगडी स्पर्धा पाहिजे म्हणून कोरियात खेळायला गेली. हिची मांगा मी वाचेन.

आणि आपल्याकडे बुद्धिबळात बघा ना. खाडिलकर भगिनी तिघी, वासंती, जयश्री, रोहिणी. रोहिणीताई 1976 मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तर केवढा गदारोळ झाला. आणि नागपूरची दिव्या देशमुख, 2025 मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, आणि तिथल्या तिथे ग्रँडमास्टर.

उंटाची_चाल
+१ कैरीची_डाळ. दिव्या जिंकली त्यानंतर आमच्या वर्गात मुली वाढल्या. पालकही वाढले, ते जरा कमी आले असते तरी चाललं असतं.

खडूस_काका
रोहिणी खाडिलकरांचा डाव मी प्रत्यक्ष पाहिलेला आहे. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आणि बाहेर व्हरांड्यात तावातावाने वाद. असो.

तिसरा, चौथा, पाचवा वाचला. इंटरनेटवर साई खेळतो तो भाग बरा आहे. हिकारू उन्हाळ्याच्या सुट्टीत नेट कॅफेत बसून साईला खेळवतो आणि जगभरचे लोक विचारायला लागतात की हा कोण. इथे निदान कोणा कार्ट्याच्या नावावर खपवलं नाही. साई हे नाव त्याचं त्याला मिळालं.

शून्य_विकर्ण
काकांनी नेमका धागा पकडला. हे जसंच्या तसं घडलंय!! 2016 च्या मार्चमध्ये सोलला अल्फागो या संगणक प्रोग्रामने ली सेडोल या कोरियन गो खेळाडूला 4-1 हरवलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण 2016 संपता संपता आशियातल्या गो सर्व्हरवर मास्टर नावाचा एक आयडी आला. कोण, कुठला, काही पत्ता नाही. चीन, कोरिया, जपानचे अव्वल लोक याच्याशी खेळले आणि हरले, एकामागून एक, 60 डाव, 60 विजय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कळलं की ती अल्फागोचीच नवी आवृत्ती. तेव्हा जगभरच्या मांगावाल्यांनी एकच गिल्ला केला, साई परत आला, साई परत आला.

साईला जी हवी असते ती देवाची खेळी, कामी नो इत्ते. ती ली सेडोलने खेळली असं म्हणतात, चौथ्या डावातली 78वी खेळी, तो एकच डाव तो जिंकला. म्हणजे ही खेळी माणसानेच खेळली आणि यंत्राविरुद्ध. 2019 मध्ये ली निवृत्त झाला, कारण विचारलं तर म्हणाला की कितीही अव्वल झालो तरी हरवता न येणारं काहीतरी आता वर आहे.

मला यामुळे ही मांगा आता वाचताना फार वेगळी लागते. तेव्हा सगळ्यात बलवान खेळाडू म्हणजे हजार वर्षं जगलेलं भूत असं वाटू शकत होतं. आज दहावीतल्या पोराच्या फोनमधला प्रोग्राम साईला धुवेल.

टपोरी_टंकलेखक
साई फोनमध्ये येऊन राहिला असता तर पुस्तक आपटायची वेळ आली नसती. चार्जिंगला लावा, आला परत.

पाटपाणी
अवांतर : कोणी शोगीवाली (शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ) मांगा वाचलीये का, 'सांगात्सु नो लायन'? उमिनो चिकाची. मला ती हिकारूपेक्षा जवळची वाटते. रेई किरियामा हा सतरा वर्षांचा पोरगा, शाळेत असतानाच प्रो झालेला, आईवडील अपघातात गेलेले, एकटा नदीकाठी फ्लॅटमध्ये राहतो, घरात सामान म्हणून काही नाही. त्याला शेजारच्या तीन बहिणी जेवायला घालतात. इथे खेळ म्हणजे स्वप्नबिप्न नाही, पोटापाण्याचं साधन. तो जिंकला की समोरच्या म्हाताऱ्याची नोकरी गेल्यासारखं होतं आणि ते त्याला दिसतं. ज्या घरात वाढला तिथे याच्यामुळे सख्ख्या मुलांनी शोगी सोडलं. हिकारूत हे सगळं कमी आहे.

उंटाची_चाल
कमी आहे, पण नाहीच असं नाही. इसुमी आठवा!

इसुमी अठरा वर्षांचा, प्रशिक्षणार्थींमध्ये सगळ्यात गुणी, सगळ्यात सभ्य. प्रो परीक्षेत तिघंच पास होणार. हिकारूशी डाव आहे, इसुमी वरचढ आहे, आणि तो खडा ठेवतो, बोट क्षणभर उचलतं, चूक कळते आणि तो खडा सरकवतो. नियम असा की बोट सुटलं की खेळी झाली. हिकारूने पाहिलंय. इसुमीला माहीत आहे की हिकारूने पाहिलंय. दोघंही गप्प. इसुमीच्या मनात, बोलू का, हा बोलेल का, कदाचित त्याला नीट दिसलंच नसेल. शेवटी तो स्वतःच डाव सोडतो. आणि नंतरचे डावही त्याच्या हातून निसटतात.

बुद्धिबळात हात लावला की खेळायचं हा नियम, त्यामुळे हे असं दर स्पर्धेत एकदा तरी होतं. नऊ वर्षांचं पोर, वजिराला बोट लागलं, समोरचं पोर बघतंय, पंच लांब आहे. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालक बसलेले असतात, पोर दारातून बाहेर येतं तेव्हा चालीवरून निकाल ओळखतात आणि पोराने तोंड उघडायच्या आत विचारतात, कुठे चुकलास. मी एका वडलांना हाच प्रसंग दाखवला होता. ते म्हणाले, सर, पण हिकारूने तक्रार करायला पाहिजे होती, पॉइंट गेला असता तर?

कैरीची_डाळ
शेवटचं वाक्य वाचून कपाळावर हात.

पाटपाणी
इसुमी मान्य. शोगीत तर याहून कडक आहे, शोरेइकाईत, म्हणजे प्रो होऊ पाहणाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेत, साधारण 26व्या वाढदिवसापर्यंत चौथा दान (ज्या पायरीवर प्रो होतात ती) मिळाला नाही तर घरी जा. म्हणजे शाळा-कॉलेज सगळं पणाला लावून सव्विसाव्या वर्षी हातात काही नाही.

बाकी खरं आयुष्य मांगावाल्यांचं नाक कापतं. फुजी सोता 2016 मध्ये चौदाव्या वर्षी प्रो झाला. त्याआधी सर्वांत लहान वयात प्रो होण्याचा विक्रम होता कातो हिफुमी यांचा, 1954 पासूनचा. आणि फुजीचा पहिलाच अधिकृत डाव कोणाशी लागला, तर 76 वर्षांच्या त्याच कातोंशी. जिंकला. तिथून सलग 29 जिंकला, एकही न हरता. 2023 मध्ये सगळे आठ किताब एकट्याकडे. हे मांगात लिहून नेलं असतं तर संपादक म्हणाला असता, अहो जरा पटेल असं लिहा.

आवळासुपारी
हा धागा वाचून मी काल रात्री पुठ्ठ्यावर 9 बाय 9 आखला. काळे खडे म्हणजे चिंचोके, पांढरे म्हणजे वाल. मुलीने हरवलं. आईने वाल भिजत घालायला नेले.

टपोरी_टंकलेखक
हहपुवा. वालांचं बिरडं होणार म्हणजे पांढऱ्याचा डाव संपला.

खडूस_काका
मी आता अकराव्यात आहे. अकिराला कोणीच सांगत नाही. बिचारा अजून फिरतोय. लेखिकेने या मुलाचा छळ मांडलाय.

बाकी चित्रकाराचं कौतुक करावं लागेल. पहिल्या खंडात हिकारू गोल तोंडाचा गोटा आहे. आता गालफडं वर आलीत, खांदे रुंद झालेत. माझ्या नातवाचे फोटो लावले आहेत भिंतीवर, तसंच.

मिठ्ठू
काका, ओबाताने यानंतर लगेच डेथ नोट काढली. तीही वाचा, त्यात तर तुम्हाला आक्षेप घ्यायला रान मोकळं आहे.

रानजाई
आले परत. धाग्याची इतकी घोडदौड होईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्स. सतरावा संपला. स्पॉयलर, स्पॉयलर, स्पॉयलर. टपोरी, यावेळी आधी लिहिलंय.

सोळाव्यात हिकारू नाहीच खेळत, मला तर रागच आला त्याचा. त्याला वाटतं मी खेळलो म्हणून साई गेला, सगळे डाव साईलाच खेळू द्यायला हवे होते, तोराजिरोने दिले तसे. रेकॉर्डरूममध्ये शुसाकूचे जुने डाव उघडून बसतो आणि आता त्याला कळण्याइतका खेळ आलाय त्यामुळे कळतं की साई काय चीज होता. तेव्हा त्याचं रडणं, बाप रे. आणि मग तो चीनहून परत आलेला इसुमी घरी येतो. म्हणतो, माझा तो डाव अर्धा राहिलाय, तो नीट संपवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. हिकारू नाइलाजाने बसतो आणि खेळता खेळता त्याला स्वतःच्याच खेळीत साई दिसतो. ही चाल कोणाची, तर साईची. भूत बाहेर शोधत होता, ते हातात होतं.

उंटाची_चाल, तुमचं "डाव कोणाचा" हे वाचलं होतं म्हणून मला ते नीट भिडलं. नुसतं वाचलं असतं तर मी साई परत येतो का एवढंच बघत बसले असते.

आणि काका, अकिराबद्दल सांगते (अकराव्यावर असाल तर हा परिच्छेद सोडा). तो खेळता खेळता स्वतःच ओळखतो. तुझ्यात अजून एक जण आहे म्हणतो. आणि मग म्हणतो की तू जे खेळतोस तेच तुझं सगळं, तेवढं मला पुरे. हिकारू म्हणतो कधीतरी सांगेन.

खडूस_काका
परिच्छेद सोडला नाही. बरं केलं पोराने.

कैरीची_डाळ
रानजाई, आता शेवटच्या पाच खंडांचं मत द्या. मला नॉर्थ स्टार कप घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो. जपान, चीन, कोरियाची अठरा वर्षांखालची पोरं, तोवर न पाहिलेले नवे चेहरे, आणि हिकारू को योंग्हा या कोरियन खेळाडूवर दात खाऊन बसतो कारण त्याने शुसाकूला नावं ठेवली म्हणे. मुळात दुभाष्याने गोंधळ घातलेला असतो. एवढं रामायण होऊन हिकारू हरतो, अर्ध्या गुणाने.

शून्य_विकर्ण
हरतो तेच बरोबर आहे असं माझं मत. जिंकला असता तर साईचा सूड घेतल्यासारखं झालं असतं, आणि ही सूडाची मांगा नाही. शिवाय त्या काळात खरोखरच कोरिया आणि चीन जपानच्या पुढे निघून गेले होते. जपानी लेखिकेने ते मान्य करून लिहिलं.

पाटपाणी
चीनवाल्यांनी 2020 मध्ये याची मालिका केलीये, पोरं चिनी, भूत पण चिनी, लिआंग घराण्याच्या काळातलं. 36 भाग. वाटलं होतं माती करतील, पण चांगली जमलीये. मोठ्या मुलांचं दुःख त्यात जास्त दिसतं.

रानजाई
अठरावा चालू आहे, त्या सुट्या गोष्टी. नासेची वाचली. कैरीची_डाळ, हिला यापेक्षा जास्त पानं मिळायला हवी होती, शंभर टक्के अनुमोदन. पाटपाणी, शोगीवाली मागवते, भाच्याच्या खर्चाने.

आवळासुपारी
वाल परत आणलेत. शिजवलेले नाहीत. मुलगी म्हणते कोणीतरी मोठं माणूस पाहिजे खेळायला, आई फार लवकर हरते.

खडूस_काका
मुलीला सांगा इथेच खेळू. 9 बाय 9. आडवे अंक, उभी अक्षरं. मला नियम आत्ताच कळलेत तेव्हा काळे मी घेतो. ङ 5.

टपोरी_टंकलेखक
काका थेट पटाच्या मधोमध. संपादकांना विनंती, हा डाव संपेपर्यंत धागा उडवू नये.

आवळासुपारी
ती शाळेतून आली की पांढऱ्याची खेळी टाकते. आणि काका, तिने विचारलंय की कोमी साडेपाच की साडेसहा?